चाळीस लाख येणार म्हणून घर मोठं घेऊ नका

पत्र लिहिणाऱ्या ताईंचं सासर मोहोळ तालुक्यात आहे आणि त्या जुळे सोलापुरात भाड्याच्या घरात राहतात. नाव न छापण्याची विनंती आहे, म्हणून फक्त मजकूर थोडक्यात देतो.

"आमचे मालक फौजेत हवालदार आहेत. एकवीस वर्षं झाली, अजून तीन वर्षांनी बाहेर पडतील. सध्या आसामात आहेत. मी मुलांच्या शाळेसाठी सोलापुरात राहते, भाडं ९ हजार. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत. मालकांच्या फंडात ९ लाख आहेत, माझ्या नावावर पतसंस्थेत ३ लाख ठेव आहे आणि महिना ५ हजारांची भिशी चालू आहे, ती पुढच्या महिन्यात लागली की १ लाख मिळतील. सगळे म्हणतात, रिटायर झाल्यावर चाळीस लाख हातात येतील. थोरले दीर म्हणतात, बोरामणीजवळ दोन गुंठ्यांचा प्लॉट ९ लाखांत मिळतोय, विमानतळ होणार आहे, आत्ता नोटरी करून ठेवू. मालकांच्या मनात गावात दोन मजली घर आहे. धाकटे दीर २०२३ मध्ये अग्निवीर झाले, त्यांचे अकरा लाख आले की तेही त्याच घरात घालू, असं सासूबाईंचं म्हणणं. मला वाटतं मुलं मोठी होईपर्यंत इथंच छोटा फ्लॅट घ्यावा. पण माझं ऐकणार कोण? पाटल्या मोडल्या तर चालेल का, तेही सांगा. मालक गड्ड्याच्या यात्रेला सुट्टीवर येतायत, तेव्हा ठरवायचं आहे."

ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. ते घरात मांडता यावं म्हणून आकड्यांत सांगतो. मी बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केली, आणि फौजीच्या घरात घराचा विषय निघाला की भांडण होतं ते विटांवरून नाही, त्या 'चाळीस लाखां'वरून होतं. म्हणून आधी तो आकडा उघडून बघू.

निवृत्तीला जे पैसे एकदम येतात ते चार-पाच खिशांतून येतात. एक ग्रॅच्युइटी. सेवेच्या दर सहा महिन्यांना पाव पगार, असा तिचा नियम. चोवीस वर्षं म्हणजे अठ्ठेचाळीस सहामाह्या, म्हणजे बारा महिन्यांचा पगार. मालकांचं मूळ वेतन तेव्हा ४२,८०० आणि मिलिटरी सर्व्हिस पे ५,२०० धरला तर ४८ हजार झाले, त्यावर महागाई भत्ता ५८ टक्के धरला तर एकूण ७५,८४०. बारानं गुणलं की ९ लाखांच्या थोडं वर. दुसरा खिसा फंडाचा. जवान आणि जेसीओंचा (जवानांतून वर चढलेल्या कनिष्ठ अधिकाऱ्यांचा) जो एएफपीपी फंड, म्हणजे फौजेतला भविष्य निर्वाह निधी असतो, तो मालकांच्याच पगारातून दर महिन्याला कापलेला पैसा आहे, सरकारने त्यावर व्याज दिलं इतकंच. तिसरी शिल्लक रजेची रक्कम, जास्तीत जास्त ३०० दिवसांची, पण तेवढी रजा शिल्लक असेल तर. चौथी आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंडाची म्हणजे एजीआयएफची मुदतपूर्तीची रक्कम.

आणि पाचवा खिसा सगळ्यात मोठा, आणि तोच सगळ्यांना फसवतो. तो म्हणजे पेन्शन विकणं, कागदावर ज्याला कम्युटेशन म्हणतात. मालकांची मूळ पेन्शन ४८ हजारांच्या निम्मी, म्हणजे २४ हजार बसेल. सैनिकाला त्यातली निम्म्यापर्यंत विकता येते. बारा हजार विकले, तर त्यांच्या वयाला साधारण नऊ वर्षांची रक्कम एकदम मिळते: बारा हजार गुणिले बारा महिने गुणिले नऊ, म्हणजे जवळपास १३ लाख. त्या बदल्यात पुढची पंधरा वर्षं दर महिन्याला १२ हजार पेन्शनमधून कापले जातात. एकूण २१ लाख ६० हजार. पंधरा वर्षांनी पेन्शन पुन्हा पूर्ण होते.

आता बघा. चाळीस लाखांतले तेरा लाख हे उद्याच्या पेन्शनची उचल आहे आणि नऊ-दहा लाख हे कालच्या पगाराची बचत आहे. भेट म्हणून कुणी दिलेलं त्यात काही नाही. हे आकडे मालक आले की त्यांच्या हातानेच एका कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद सासूबाई आणि थोरल्या भाऊजींसमोर वाचा. 'चाळीस लाख येणार' हे वाक्य घरात फिरतंय तोवर प्रत्येकाच्या डोक्यात आपापला स्लॅब पडतोय.

दुसरं, बाहेर पडताना मालक चव्वेचाळीस वर्षांचे असतील. मुलगी अकरावीत असेल, मुलगा आठवीत. म्हणजे मोठा खर्च तेव्हा सुरू होणार. कॉलेज, क्लास, कदाचित पुण्याचं हॉस्टेल. त्याच वर्षी सगळा फंड सिमेंट-सळईत गेला, तर मुलीच्या फीसाठी त्याच घरावर कर्ज काढावं लागतं, आणि तेव्हा पगार नसतो. हे मी टेबलाच्या पलीकडून पुष्कळदा पाहिलंय. दोन मजली घर, खाली संगमरवरी फरशी, आणि घरमालक एमआयडीसीत रात्रपाळीचा वॉचमन. काम कुठलंच हलकं नाही, पण ते काम त्यांना निवडता आलं नाही, याचं मला वाईट वाटतं. वीस-चोवीस वर्षं सीमेवर काढलेल्या माणसाला बाहेर आल्यावर पहिली दोन वर्षं तरी श्वास घेऊन पुढचं काम ठरवता यायला हवं.

म्हणून माझा सल्ला असा: घर निवृत्तीच्या पैशातून घेऊ नका, पगार चालू आहे तोवर हप्त्यावर घ्या. आणि निवृत्तीच्या पैशातले ठरावीक एक-दोनच खिसे त्यासाठी ठेवा.

तुमच्या आकड्यांवर मांडून दाखवतो. समजा तुम्ही २८ लाखांचा, दोन खोल्या-स्वयंपाकघराचा फ्लॅट बघितला. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील धरून अजून दोन लाख. म्हणजे ३० लाख. फंडातून घरासाठी परत न करण्याच्या अटीवर रक्कम काढता येते, त्यातून ७ लाख काढा. पतसंस्थेतले ३ लाख मोडा. राहिलेल्या २० लाखांचं बँकेचं कर्ज, पंधरा वर्षांसाठी. आठ टक्क्यांनी हप्ता १९,१०० च्या आसपास येतो. तुमचं ९ हजार भाडं वाचतं, म्हणजे महिन्याला दहा हजारांचा नवा भार. तीन वर्षं पगारातून तो सोसेल.

तीन वर्षांनी कर्ज साधारण १७ लाख ६६ हजारांवर आलेलं असेल. निवृत्तीला ग्रॅच्युइटी मिळाली की तेवढे ९ लाख सरळ कर्जात भरायचे. बाकी उरले ८ लाख ६६ हजार. इथे तुमच्यासमोर दोन वाटा आहेत. एक, बँकेचा हप्ता कमी करून घ्यायचा. तो ९,४०० च्या आत येईल आणि बारा वर्षं चालेल. दुसरी वाट, पेन्शनची निम्मी न विकता फक्त एक-तृतीयांश, म्हणजे ८ हजार विकायची. त्याचे ८ लाख ६४ हजार येतात आणि कर्ज जवळजवळ तिथेच मिटतं.

मला दुसरी वाट पटते, का ते सांगतो. पेन्शन विकणं हे व्याजाच्या हिशोबाने साडेसात टक्क्यांच्या आसपासचं कर्ज पडतं, म्हणजे बँकेपेक्षा थोडं स्वस्तच. महागाई भत्ता विकलेल्या पेन्शनवरही मिळत राहतो, तो पूर्ण २४ हजारांवर मोजतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, देव न करो पण मालकांना काही झालं, तर विकलेल्या पेन्शनची उरलेली वसुली तुमच्याकडून होत नाही. कुटुंब पेन्शन त्यामुळे कमी होत नाही. बँकेचं कर्ज मात्र विमा नसेल तर तुमच्या डोक्यावर राहतं. उलट बाजूही सांगायला हवी: कपात बारा नव्हे, पंधरा वर्षं चालते, त्यामुळे एकूण रक्कम लाखभर जास्त जाते. तरीही माझं मत तेच.

असं केलं तर पेन्शनचं चित्र काय? मूळ २४ हजार, भत्ता ५८ टक्क्यांनी १३,९२०, एकूण ३७,९२०. त्यातून ८ हजार गेले की हातात २९,९२०, डोक्यावर हप्ता नाही, घर स्वतःचं. आणि रजेचे पैसे, एजीआयएफचे पैसे, फंडात पुढच्या तीन वर्षांत साठलेले, हे सगळे मुलांच्या शिक्षणासाठी न मोडता शिल्लक. निम्मी पेन्शन विकली असती तर हातात २५,९२० राहिले असते आणि जास्तीचे चार लाख कुठल्या तरी खोलीच्या प्लॅस्टरमध्ये गेले असते.

आठव्या वेतन आयोगाचे पैसे या हिशोबात धरलेले नाहीत. मिळाले की आनंदाने घ्या, पण त्यांच्या भरवशावर एक खोलीसुद्धा वाढवू नका. निवृत्तीनंतर मालकांना जी नोकरी लागेल तिचा पगारही धरलेला नाही. हप्ता नेहमी पेन्शनच्या बळावर मोजायचा.

एजीआयएफकडूनही घरासाठी कर्ज मिळतं. त्याची वसुली पगारातूनच होते, म्हणून ज्याची दहा-पंधरा वर्षं सेवा बाकी आहे अशा जवानाने ते आधी बघावं. तुमची तीनच वर्षं उरलीत, तेवढ्यात मोठी रक्कम फेडणं तुम्हाला झेपणार नाही. बऱ्याच बँका पेन्शनपात्र सैनिकाला निवृत्तीनंतर पेन्शनवरही हप्ता चालू ठेवू देतात. पगार ज्या बँकेत येतो तिथे डिफेन्स सॅलरी पॅकेजचं खातं आहे का बघा, प्रक्रिया शुल्कात सवलत मिळू शकते. व्याजदर मात्र तीन बँकांत विचारा.

आता बोरामणीचा प्लॉट. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

विमानतळाच्या नावाने हैदराबाद रोडवर वर्षानुवर्षं प्लॉट विकले जातायत. बोरामणीचा विमानतळ कागदावरच रखडलाय, आणि २०२५ मध्ये सोलापुरातून प्रवासी विमानं पुन्हा सुरू झाली ती होटगी रोडच्या जुन्याच विमानतळावरून. उद्या बोरामणीलाही होईल, होवो. पण विमानतळाच्या आशेने घेतलेल्या शेतातल्या दोन गुंठ्यांत तुमची मुलगी अकरावीला असताना राहायला जाता येणार आहे का? तिथे रस्ता, ड्रेनेज, पाणी, लाईट कधी येईल ते कोण सांगणार?

त्याहून मोठी गोष्ट 'नोटरी करून ठेवू' ही आहे. नोटरीने मालकी येत नाही. जमिनीची मालकी येते ती दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखताने, आणि त्यानंतर फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव लागल्यावर तुम्ही निर्धास्त. नोटरी केलेला करार किंवा मुखत्यारपत्र घेऊन जमीन 'घेतलेल्या' लोकांचं काय होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट सांगितलंय: अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही.

शेतजमिनीचे गुंठे-गुंठे पाडून विकण्यावर तुकडेबंदीचा कायदा आहे. २०२५ मध्ये सरकारने त्यात शिथिलता आणली, पण म्हणून प्रत्येक शेतातला गुंठा घर बांधायला मोकळा झाला असं नाही. तुमचा गट त्यात बसतो की नाही, हे दक्षिण सोलापूरच्या तहसील कार्यालयात विचारायचं, एजंटाला नाही. भाऊजींना एवढंच म्हणा, "सातबारा, जमीन बिगरशेती असल्याचा कागद आणि मंजूर लेआउटची प्रत आणा." सातबारा तुम्ही मोबाईलवर सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावरही बघू शकता. तो उघडला आणि मालकाच्या रकान्यात पंधरा-वीस नावं, इतर हक्कात सोसायटीचा बोजा आणि खाली 'सामाईक क्षेत्र' असं दिसलं, तर तुम्ही विकत घेताय ती जमीन नसून त्या पंधरा-वीस जणांचं भांडण आहे. एकाने सही नाकारली की झालं. कागद आले नाहीत तर विषय आपोआप संपतो, आणि भाऊजींना तुम्ही 'नाही' म्हणालात असंही होत नाही.

गावातल्या घराबद्दल मालकांच्या मनात जे आहे ते मी हलकं समजत नाही. चोवीस वर्षं बराकीत आणि तंबूत झोपलेल्या माणसाला आपल्या गावात, आपल्या आईच्या दारात, आपल्या नावाची पाटी हवी असते. ते चुकीचं नाही. फक्त क्रम बदला. गावातली जागा वडिलोपार्जित आहे, म्हणजे एकट्या मालकांची नाही, सगळ्या वारसांची आहे. वाटणीपत्र नोंदवल्याशिवाय त्यावर एकाच्या पैशाने दोन मजले चढवले, तर वर्षानुवर्षं 'घर कुणाचं' हा प्रश्न जेवणाच्या ताटापर्यंत येतो. आत्ता वाटणी करून घ्या, भाऊ बोलतायत तोवर. मुलं मार्गी लागली की पेन्शन पूर्ण होईपर्यंत तिथे दोन खोल्या आणि पडवी आरामात होईल. तोवर आहे त्या घराचं पत्रे-फरशीचं काम करायला लाख-दीड लाख पुरतील, आणि सासूबाईंनाही घर वाढल्याचं समाधान मिळेल.

काळ्या रानात घर बांधायचं तर पाया खोल न्यावा लागतो, ही गोष्टही लोक विसरतात. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पायाला जास्तीची लाख-दोन लाखांची तजवीज नसेल तर तिसऱ्या वर्षी भिंतीला तिरक्या चिरा दिसू लागतात.

सोलापुरात फ्लॅट बघताना खोल्या बघण्याआधी पाणी बघा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, दिवसांचा खंड पडतो. इमारतीचा जमिनीखालचा हौद किती लिटरचा आहे, उन्हाळ्यात टँकर किती लागले, बोअर किती फुटांवर आहे आणि एप्रिल-मेमध्ये चालते का, हे बिल्डरला नाही, तिथे राहणाऱ्या बाईला विचारा. हद्दवाढ भागात अजूनही काही ठिकाणी ड्रेनेज नाही, शोषखड्ड्यावर काम चालतं. पावसाळ्यात एकदा जाऊन गल्ली बघून या. वरच्या मजल्याचा फ्लॅट स्वस्त पडतो, पण मे महिन्यात स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला असतो.

नवीन इमारत असेल तर महारेराचा, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर तो स्वतः टाकून बघा. ताबा कधी द्यायचा, बांधकामावर कर्ज आहे का, तक्रारी किती, सगळं तिथे दिसतं. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. "आधी पाच लाख द्या, करार नंतर" असं म्हणाला तर पर्स उघडू नका. जुना फ्लॅट असेल तर सोसायटीचा नाहरकत दाखला, मालमत्ता कराची थकबाकी नसल्याची पावती आणि वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल. शोध अहवालाला काही हजार लागतात, तिथे काटकसर करू नका. माझा कल तुमच्या बाबतीत जुन्या, दहा-बारा वर्षांच्या इमारतीतल्या फ्लॅटकडे आहे, कारण ताबा लगेच मिळतो आणि भाडं लगेच थांबतं.

नावाचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण मी सांगतोच. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. २८ लाखांवर २८ हजार वाचतात. दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. कर्ज मालकांच्या पगारावर असल्याने बँक त्यांचंही नाव मागू शकते. तसं झालं तर २८ हजार सोडा, पण दस्तावर तुमचं नाव असलंच पाहिजे. मालक आसामात, घर सोलापुरात, मुलं तुमच्यापाशी. गॅसजोडणीपासून शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळं तुम्ही करता, आणि घराच्या कागदावर नाव मात्र नसतं, असं पुष्कळ फौजी घरांत होतं. ते होऊ देऊ नका.

म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीत सोलापूर जिल्हा येतो, आणि त्यात सैनिक-माजी सैनिकांसाठी राखीव घरं असतात. अर्ज भरायला हरकत नाही, पण लागेल म्हणून वाट बघत बसू नका. लष्कराची स्वतःची गृहनिर्माण संस्था, एडब्ल्यूएचओ, १९७८ पासून ना नफा तत्त्वावर घरं बांधते, पुण्यातलं साळुंके विहार तिचंच. मुलं पुढे पुण्यालाच स्थिरावतील असं वाटत असेल तर तिकडे बघा. तुमचं पत्र वाचून मला तसं वाटलं नाही.

निवृत्तीनंतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवून दाखला घ्या. माजी सैनिकाला राज्यात एका घराचा मालमत्ता कर माफ होतो, आणि तो दाखल्याशिवाय होत नाही. एकच घर चालतं, तेव्हा शहरातल्या घराला ती सवलत घ्या, गावची घरपट्टी त्यापुढे किरकोळ असते.

आता धाकट्या भाऊजींबद्दल. सासूबाईंना मी हात जोडून सांगतो, त्या पोराच्या पैशाला हात लावू नका.

अग्निवीराला चार वर्षांनी जो सेवानिधी मिळतो तो साधारण ११ लाख ७१ हजार, करमुक्त. त्यातला निम्मा त्याने स्वतःच्या पगारातून दर महिन्याला तीस टक्के कापून साठवलेला, निम्मा सरकारचा, वर व्याज. पण त्याला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, दवाखाने नाहीत. चारांतला एकच जण पुढे कायम होतो. बाकीचे तिघं पंचविशीच्या आतबाहेर घरी येतात, आणि जवळ ती एकच रक्कम असते. मधल्या भावाला, म्हणजे मालकांना, आयुष्यभर पेन्शन आहे. धाकट्याचं सगळं आयुष्य त्या अकरा लाखांत आहे. त्यातून त्याचं शिक्षण, एखादा परवाना, धंद्याचं भांडवल, दोन वर्षांचा खर्च निघायचा आहे. ते पैसे मालकांच्या घराच्या स्लॅबमध्ये गेले, तर पाच वर्षांनी तो पोरगा त्याच घरात आश्रितासारखा राहील, आणि तेव्हा कुणालाच बरं वाटणार नाही. तो कायम झाला तर त्याचं घर तो त्याच्या पगारात बघेल. नाही झाला, तर पैसे आल्या दिवशीच त्याच्या एकट्याच्या नावावर बँकेत वर्षभराची ठेव करा आणि त्याला विचार करायला वेळ द्या.

तुमच्याही पैशांना तोच नियम लावा. निवृत्तीची रक्कम खात्यावर जमा झाली की आठवड्याभरात बँकेतून विमा योजनेचा फोन येतो, एखादा जुना दोस्त दुकानात भागीदारी मागतो, कुणाच्या लग्नाला उसने लागतात. फौजी माणूस युनिटमध्ये एकमेकांसाठी जीव टाकतो, त्याला बाहेर 'नाही' म्हणणं जड जातं. म्हणून पहिले सहा महिने एकही नवा व्यवहार करायचा नाही असं दोघांनी आत्ताच ठरवा. पैसे राष्ट्रीयीकृत बँकेच्या ठेवीत किंवा पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत राहू द्या, तिथे दोघांच्या नावावर १५ लाखांपर्यंत ठेवता येतात आणि दर महिन्याला व्याज हातात येतं. पतसंस्थेचा टक्का जास्त दिसतो, पण बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला जो विमा असतो तो पतसंस्थेला नाही. म्हणून ते तीन लाख तसेही मी तिथून काढायलाच सांगितले असते. मुदतीआधी काढल्यावर किती व्याज कापतील ते आजच विचारून या.

भिशी लागली की तो लाख घरात घालू नका. तो आणि फंडातले उरलेले दोन लाख ही तुमची अडीनडीची शिल्लक. मालक सीमेवर, तुम्ही एकट्या, मुलाला रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर एटीएममध्ये पैसे हवेत. नवी भिशी घेऊ नका, त्या पाच हजारांची आता हप्त्याला गरज आहे.

पाटल्या मोडू नका. घडणावळ आणि घट जाऊन तोटाच होतो, आणि तुमच्या वरच्या आकड्यांत त्यांची गरजच पडत नाही. नोंदणीच्या वेळी वीस-तीस हजार कमी पडलेच तर बँकेत सोनं तारण ठेवा आणि तीन-चार महिन्यांत सोडवा.

गड्ड्याच्या सुट्टीत मालकांकडून तीन कामं करून घ्या. फंडातून रक्कम काढण्याच्या अर्जाला कुठले कागद लागतात ते युनिटच्या कार्यालयातून विचारून येऊ दे, आजच फोनवर सांगा म्हणजे ते फॉर्म घेऊनच निघतील. फंड, एजीआयएफ आणि पगाराच्या खात्यावर नॉमिनी कोण आहे ते तपासायला लावा, लग्नाआधी लिहिलेलं आईचं किंवा वडिलांचं नाव तसंच राहिलेलं असतं. आणि ते परत गेल्यावर सह्या अडू नयेत म्हणून तुमच्या नावे, फक्त या एका घराच्या खरेदी आणि कर्जापुरतं, विशेष मुखत्यारपत्र नोंदवून घ्या. सर्वसाधारण मुखत्यारपत्र कुणालाही नको, भावालाही नको. त्याआधीच्या पंधरवड्यात तुम्ही चार फ्लॅट बघून ठेवा, म्हणजे ते आल्यावर दोघं मिळून दोनच बघायचे राहतील. ठरलेल्या फ्लॅटचे कागद वकिलाला दाखवून झाले की मलाही पाठवा, करारनाम्यातल्या ताब्याच्या आणि पार्किंगच्या अटी मी वाचून कळवीन.